घटनेतला तो

माझे सासरे गेले त्या दिवशी त्यांची तिरडी गावच्या रस्त्यात बराच वेळ थांबली होती. आमचं गाव कशेळीच्या जवळ, खाडीकाठी. पूर्वी जिथे भात पिकायचं तिथे आता गोदामं आहेत, आणि स्मशानाकडे जाणारा रस्ता त्या गोदामांच्या फाटकांसमोरून जातो. एक कंटेनर मागे घेता घेता आडवा अडकला. पुढे जागा नाही, मागे गाड्यांची रांग. खांदेकरी उन्हात तसेच उभे राहिले. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून सासूबाई गच्चीवर चढून बघत होत्या आणि मी त्यांना धरून उभी होते. कंटेनर सरकेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. जिना उतरताना म्हणाल्या, "मरनाऱ्याला तरी वाट द्याची व्हती."

हे त्यांच्या मनातून गेलं नाही. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, माझा नवरा पुन्हा पडघ्याच्या गोदामात ड्युटीला जाऊ लागला आणि मी माझ्या शाळेत. भिवंडीत निजामपुऱ्याच्या बाजूला एका शाळेत मी मराठी शिकवते. सासूबाई घरात एकट्या असायच्या, आणि रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की हातातलं काम थांबवायच्या.

आमच्या गावात एक ग्रामस्थ मंडळ आहे. लग्नकार्याची मोठी भांडी, खुर्च्या, मांडव आणि एक हॉल मंडळाच्या मालकीचा. नवरात्र मंडळ करतं, स्मशानाची देखभाल मंडळ बघतं, आणि गोदामवाल्यांशी काही बोलायचं झालं तर तेही मंडळच बोलतं. प्रत्येक घरातून एक सभासद. वर्षाची साधारण सभा हॉलमध्ये भरते. बायका जातात, मागे चटईवर बसतात, चहा झाला की उठतात.

त्या वर्षी सासूबाई चहा झाल्यावर उठल्या, पण घरी जायला नाही. त्या पुढे गेल्या आणि म्हणाल्या, मना बोलाचं हाय. मग त्यांनी तिरडी थांबल्याची हकीकत सांगितली. रडल्या नाहीत. गावात मयत झालं की गोदामांनी गाड्या आत घ्याव्यात, रस्ता मोकळा ठेवावा, आणि मंडळाने हे त्यांना सांगावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सगळ्यांनी ऐकलं. पुष्कळांनी माना डोलावल्या, कारण त्यातले कितीतरी जण त्या दिवशी उन्हात खांद्यावर भार घेऊन उभे होते.

मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे आमचे चुलत सासरे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, नियमाच्या बाहेर पाऊल न टाकणारे. ते उठून उभे राहिले आणि नरमाईने म्हणाले की वहिनीचं म्हणणं रास्त आहे, पण ते इतिवृत्तात घेता येणार नाही. ठराव सभासदाने मांडायला हवा. भावाच्या जागी आता पुतण्या सभासद आहे, त्याने पुढच्या सभेत मांडावा.

"त्याला कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "त्याला सुट्टी न्हाय. मी हाय ना हितं. माझा नाव घाल."

हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली. काकांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले की मंडळाची घटना, म्हणजे नियमावली, बघून सांगतो.

दोन-चार दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं. टेबलावर मंडळाची घटना ठेवलेली होती, टाइप केलेली, शिवलेली. गावातल्या जुन्या जाणत्यांनी ती केव्हातरी एका मास्तरांकडून लिहून घेतली होती. काका म्हणाले, मी भिवंडीतल्या एका वकिलाला विचारून आलो. वकील म्हणाला, कायद्यात 'तो' म्हटलं की त्यात 'ती' पण धरायची असते.

"मग आई आधीपासूनच सभासद होऊ शकतात," मी म्हणाले.

"मीपण तेच म्हणालो. तर तो म्हणाला, पुढचं वाचा."

पुढचं मी वाचलं. सभासद हा गावचा कायमचा रहिवासी असावा. त्याने मंडळाचे नियम पाळावेत. त्याच्या पश्चात त्याचा थोरला मुलगा सभासद होईल. आणि मग भांड्यांचं कलम: सभासद आपल्या घरच्या कार्यासाठी भांडी नेईल, भांडी घासून परत करण्याची जबाबदारी त्याच्या पत्नीची राहील. अख्ख्या घटनेत बाई एकदाच आली होती आणि तीही भांडी घासायला. मला हसू आलं. काका हसले नाहीत. ते म्हणाले, लिहिणाऱ्याच्या मनात कोण होतं ते इथे स्पष्ट दिसतं, म्हणून वकिलाचा नियम इथे चालणार नाही. भाषाच बदलावी लागेल. घटनादुरुस्ती करायची तर विशेष सभा बोलवायची, तिच्यात नवा मसुदा पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचा आणि मग मतं घ्यायची.

"तू मराठी शिकवतेस," ते म्हणाले. "लिहून दे. मी वाचतो."

मला हे काम अवघड वाटलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याइतकं योग्य माणूस गावात दुसरं कुणी नव्हतं. माझ्या वर्गातली बरीच मुलं यंत्रमाग कामगारांची, घरी हिंदी नाहीतर उर्दू बोलणारी. मराठीतली तीन लिंगं त्यांना रोज छळतात. पुस्तक ते का, वही ती का, आणि टेबल कधी तो कधी ते का, याची उत्तरं देण्यात माझी कितीतरी वर्षं गेली आहेत. त्यामुळे मी रविवारी सकाळी बसले आणि जेवणाच्या आत मसुदा तयार केला. जिथे 'तो' होता तिथे 'तो/ती' केलं, 'त्याने'चं 'त्याने/तिने', 'त्याचा'चं 'त्याचा/तिचा'. दिसायला एकदम कायदेशीर दिसत होतं.

काकांनी कमिटीच्या तीन-चार जणांना आपल्या ओटीवर बोलावलं आणि वाचायला घेतलं. पहिलं वाक्य कसंबसं गेलं. दुसऱ्यात ते अडखळले, आणि चष्मा काढून मला विचारलं की ही तिरकी रेघ वाचायची कशी. मी म्हणाले, 'किंवा' म्हणा. मग त्यांनी वाचलं की सभासद हा किंवा ही त्याच्या किंवा तिच्या घरच्या कार्यासाठी त्याच्या किंवा तिच्या नावाने भांडी नेईल. एक जण म्हणाला, भांडी नेईपर्यंत लग्न उरकेल. सगळे हसले. त्यांच्यातले सगळ्यात वयस्क आजोबा मात्र गंभीरपणे म्हणाले की हे गावापुढे वाचलं तर लोक उठून जातील, मग मतं कोण देणार.

मला राग आला, पण तो त्यांचा नव्हता. वाक्य खरोखरच वाईट होतं. माझ्या मुलांनी असं वाक्य निबंधात लिहिलं असतं तर मी ते लाल शाईने खोडलं असतं.

मग मी नीट विचार केला. मराठीत 'त्यांनी' म्हटलं की बाई का पुरुष ते कळत नाही. आदराने बोललं की प्रश्नच मिटतो. सभासदांनी नियम पाळावेत, त्यांच्या घरच्या कार्यासाठी त्यांना भांडी मिळतील. वाचायलाही सोपं. मी दुसरा मसुदा लिहिला आणि या वेळी आधी घरीच सासूबाईंना वाचून दाखवला. ते वयस्क आजोबा तेव्हा आमच्याकडे पाणी प्यायला टेकले होते, त्यांनीही ऐकलं.

दोघांनाही तो पटला नाही. आमच्या आगरी बोलीत आवो-जावो नाही. बापाला अरे बाबा, सासऱ्याला तू, सरपंचालाही तू. सासूबाई काकांना 'भावजी, तू' म्हणतात आणि त्यात काही कमी आहे असं कुणाला वाटत नाही. आजोबा म्हणाले, "गावान कोन कोनाला आवो-जावो करतं? ही काय सरकारी कचेरी हाय?" सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या की इतकी वर्षं पुरुषाला 'तो' चाललं, आता बाई येणार म्हटल्यावर सगळे एकदम 'ते' झाले. म्हणजे लोक म्हणणार की बायका आल्या आणि त्यांनाही मान द्यायला लागला.

मी त्यांच्याशी वाद घातला. म्हणाले, लिहायची भाषा वेगळी, बोलायची वेगळी. पण मंडळाची घटना त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांपुढे वाचायची होती, आणि ऐकताना ती परकी वाटली तर हात वर होणार नाहीत हे मलाही दिसत होतं. तेव्हा मी तिसरा मार्ग काढला, आणि तो मला आजही सगळ्यात चोख वाटतो. सर्वनामच ठेवायचं नाही. सभासद गावात राहणारा असावा असं म्हटलं की पुरुष आला. सभासदाचं घर गावात असावं असं म्हटलं की कुणीच आलं नाही, फक्त घर आलं. सभासदाने नियम पाळावेत. सभासद घरच्या कार्यासाठी भांडी नेईल. भांडी घासून परत करण्याची जबाबदारी सभासदाची राहील. 'नेईल', 'येईल', 'राहील' या क्रियापदांना बाई-पुरुष कळत नाही. एकेक कलम घेत मी संपूर्ण घटना अशी लिहून काढली. वाक्यं पहिल्यापेक्षा आखूड झाली आणि वजनदार झाली.

एकच कलम उरलं: थोरला मुलगा. तिथे मी 'सभासदाचं थोरलं मूल' असं लिहिलं. मूल हा शब्द नपुंसकलिंगी, मुलगाही त्यात आणि मुलगीही. मी खुशीत होते. जेवताना नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने भाताचा घास घेत ऐकलं आणि म्हणाला, "मग मी सभासद कसा? थोरली ताई आहे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी नणंद, म्हणजे ताई, त्याच्यापेक्षा मोठी. पडघ्याला दिलेली, तिचं स्वतःचं शेत आहे, सून आली आहे. माझ्या मसुद्याने आमच्या घराची जागा गावाबाहेर पाठवली होती. सासूबाईंचा चेहरा उतरला. हा सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी चालला होता त्यांचं नाव अजून कुठेच नव्हतं.

पुढच्या रविवारी ताई आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल आणि म्हणेल, मला काय करायचंय. ती हसली नाही. तिने कागद हातात घेऊन ते कलम वाचलं, मग जुन्या घटनेतलं वाचलं. नवऱ्याने सहज म्हटलं की ताईला कुठे वेळ आहे, तिला नकोच असणार.

"मला नकोच आहे," ती म्हणाली. "पण नको ते मी म्हणायचं. माझ्या वतीने कागदाने म्हणायचं नाही. लग्न झालं त्या दिवसापासून मला कुणी विचारलेलं नाही."

 सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती थोडी बाजूला सरकली. रागावून नाही, तिला बोलणं पुरं करायचं होतं. ती म्हणाली की तिच्या सासरच्या गावातही असंच मंडळ आहे, तिथे तिचा नवरा सभासद आहे, त्याच्यानंतर मुलगा होईल. म्हणजे दोन गावं आणि दोन्हीकडे ती मागे चटईवर.

त्या दुपारी आम्ही तिघींनी मिळून ते कलम लिहिलं. नवरा मध्ये मध्ये एखादा शब्द सुचवत होता. सभासदाच्या पश्चात त्या घरातील सर्व सज्ञान व्यक्तींनी, लग्न होऊन गेलेल्या मुलींसह, आपसात ठरवून गावात राहणाऱ्या एका व्यक्तीचं नाव मंडळाला कळवावं. 'लग्न होऊन गेलेल्या मुलींसह' हे शब्द ताईने घालायला लावले. मी म्हणाले, इथे मुलगी हा शब्द आला, सगळीकडे काढला आणि इथे आला. ती म्हणाली, "येऊ दे. इथे ती लपली तर परत हरवेल." मी व्याकरणाच्या बाजूने होते, पण ती बरोबर होती आणि मी ते तसंच ठेवलं.

विशेष सभेला हॉल भरला. मतं फक्त सभासदांची, म्हणजे सगळी पुरुषांची. आमच्या घरचं मत माझ्या नवऱ्याचं. तो सुट्टी मिळेना म्हणून दुसऱ्याशी शिफ्ट बदलून आला होता. बायका नेहमीपेक्षा पुष्कळ आल्या होत्या. ताईपण पडघ्याहून आली होती.

काकांनी पहिल्या शब्दापासून वाचलं. आवाज खणखणीत, कुठे अडखळले नाहीत. सभासदत्वाचं कलम गेलं, कुणी हरकत घेतली नाही. वारसाचं कलम आलं तेव्हा एकाने विचारलं की व्यक्ती तर 'ती' असते, मग आता आम्ही सगळे ती झालो का. काकांनी शांतपणे सांगितलं की पोलीस चौकीत तक्रार लिहिताना 'सदर व्यक्ती' लिहितात तेव्हा तुला कधी त्रास झाला नाही. लोक हसले आणि तो खाली बसला. दुसऱ्या एकाने सज्ञान व्यक्तीत सुना येतात का असं विचारलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले आणि येतात असं सांगितलं, आणि बसले. त्यावर जास्त समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं.

खरा गोंधळ भांड्यांवर झाला. भांडी घासून परत करण्याची जबाबदारी सभासदाची राहील, हे वाचलं आणि हॉलच्या तीन बाजूंनी लोक बोलायला लागले. बाई सभासद झालेली चालत होती, मुलींना विचारायचं चालत होतं, पण ही हंडी-पातेली आता आपण घासायची की काय, या विचाराने भली भली माणसं कासावीस झाली. एक जण म्हणाला की हे कलम होतं तसं ठेवा, बाकी सगळं मंजूर. मागून चटईवरून कुणीतरी म्हणालं, मग जेवणपण आमचं आम्हीच करतो आणि आमचं आम्हीच जेवतो. काकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"जबाबदारी सभासदाची," ते म्हणाले. "भांडं काळं आलं तर मी सभासदाला पकडणार. कोणी घासायचं ते तुम्ही आपापल्या घरी ठरवा. मंडळ तुमच्या मोरीत येणार नाही."

मग मतं झाली. पहिला हात त्या वयस्क आजोबांचा. त्यानंतर माझ्या नवऱ्याचा. सभासद म्हणून त्याने केलेली ती एकच गोष्ट. हात वर जात राहिले, काही झटकन, काही शेजाऱ्याकडे बघून. विरोधात थोडे गेले, तटस्थ त्याहून थोडे जास्त. ठराव पास झाला. घरी आल्यावर नवऱ्याने आपली जागा सोडली, आणि ताई, तो आणि मी तिघांनी काकांना सासूबाईंचं नाव सांगितलं. सगळ्यात आधी काकांनी ताईलाच विचारलं होतं, तुझं काय म्हणणं. तिने थोडा वेळ घेतला, उगीचच घेतला, आणि म्हणाली, माझी हरकत नाही.

दुरुस्तीचे कागद ठाण्याच्या धर्मादाय कचेरीतून मंजूर होऊन आले. पुढच्या साधारण सभेत सासूबाई पुढच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी रस्त्याचा ठराव मांडला. काका आणि कमिटी गोदामवाल्यांना जाऊन भेटले. दोन भेटी फुकट गेल्या, तिसऱ्या वेळी त्यांनी मानलं: गावातून फोन आला की फाटकावरचा माणूस बाहेरच्या गाड्या थांबवेल आणि आतल्या सोडणार नाही. त्यानंतर गावात मयत झालं तेव्हा रस्ता मोकळा मिळाला. एकदा फोन उचलला गेला नाही, तर सासूबाई स्वतः फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या.

सगळ्या घरांत काही बदललं नाही. बऱ्याच घरांनी मुलाचंच नाव दिलं, आणि ते त्यांनी आपसात ठरवून दिलं असं आपण धरून चालायचं. पण आता हॉलमध्ये पुढे बसणाऱ्या बायका आहेत. एक तरुण सून आहे, एक नवऱ्याने टाकलेली लेक आहे, आणि आमच्या सासूबाई आहेत, ज्यांना सभेत कुणी लवकर आटप म्हणू शकत नाही.

मागच्या सभेत मी मंडळाला एक सूचना लेखी दिली होती. हॉलच्या मागची खोली गावातल्या मुलांना अभ्यासाला द्यावी, तिथे मी संध्याकाळी बसेन. घरातून मत एकच, आणि ते सासूबाईंचं, म्हणून मी आदल्या दिवशी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. सभेत सूचना वाचली गेली, काहींनी चांगली आहे असं म्हटलं. मग सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या की त्या खोलीत लग्नाचा स्वयंपाक होतो, पोरांची बाकडी टाकली तर चूल कुठे मांडायची, पोरांना देवळाच्या ओट्यावर बसवा. आणि त्यांनी विरोधात हात वर केला. सूचना पडली.

घरी येताना मी त्यांना म्हणाले की निदान मला आधी सांगायचं होतं.

"तू विचारलास कवा?" त्या म्हणाल्या. "तू सांगितलास. मी ऐकला."

देवळाच्या ओट्यावर दिवा लावून घेतला आहे. सध्या मुलं तिथे बसतात. पुढच्या सभेत मी सूचना परत देणार आहे, आणि तोपर्यंत चूल मांडायला दुसरी जागा शोधून ठेवणार आहे.